गादी नको, घोंगडं

मायाक्काचा मुलगा बिरप्पा वाईट माणूस होता असं कुणी म्हणणार नाही. तो आईवर हात उगारत नव्हता, तिला उपाशी ठेवत नव्हता, चारचौघांत तिला उलट बोलत नव्हता. त्यानं फक्त तिला घरी बसवायचं ठरवलं होतं, आणि ते तिच्याआधी गावाला सांगितलं होतं.

मायाक्काला कळलं ते विहिरीवर. शेजारच्या दगडाबाईनं घागर बुडवता बुडवता विचारलं, "औंदा तू न्हाय म्हनं जायची मेंढरांमागं? बरं केलंस बाई. आता बस निवांत." मायाक्कानं आपली भरलेली घागर तिथंच पालथी केली आणि रिकामी घागर घेऊन घरी आली. सुनेनं, फुलाबाईनं, घागरीत डोकावून पाहिलं, सासूच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता स्वतः पाण्याला गेली.

मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, काळी जमीन संपून मुरूम लागतो तिथं या धनगरांचं घर होतं. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन सगळे पश्चिमेला निघायचे. रिकाम्या झालेल्या रानांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं, पुढच्या गावाला जायचं, आणि पावसाच्या तोंडाला परतायचं. लग्न होऊन आल्यापासून मायाक्का एकाही वर्षी मागं राहिली नव्हती. नवरा गेल्यावर तर मेंढरांभोवती जी जाळी लावतात, ती वाघूर, तिच्या एका अंगाला मायाक्काच झोपायची. दुसऱ्या अंगाला बिरप्पा. लांडगा आला तर आधी मायाक्काचा आवाज ऐकू यायचा आणि मग कुत्र्यांचा.

गेल्या हिवाळ्यात तिला वाटेत ताप भरला. मुक्काम लांबला, आणि ज्या शेतकऱ्यानं रान देतो म्हणून शब्द दिला होता त्यानं ते दुसऱ्याच्या मेंढरांना दिलं. बिरप्पा त्यावर कधी बोलला नाही. पण न बोललेली गोष्ट माणूस विसरतो थोडीच! घरी परतल्यावर त्यानं आईचं जुनं घोंगडं कापलं आणि घोडीच्या पाठीवर घालायला त्याची घडी शिवली. आईनं विचारलं तर म्हणाला, "फाटलंच हुतं की." घोंगडं नसलेल्या माणसाला वाघरीपाशी कोण झोपू देणार? मायाक्काला तेव्हाच वास यायला हवा होता. तिला वाटलं, पोरगा नवं आणील.

"आये," विहिरीवरच्या त्या प्रकारानंतर बिरप्पा म्हणाला, "लोकर इकाया सोलापूरला चाललोय. तू बी चल. नव्या पेठेत तुला गादी घिऊ. कापसाची. तुज्या पसंतीची."

"माज्या पसंतीची?"

"व्हय की."

मायाक्का गाडीत चढून बसली. आई समजूतदार आहे, असं बिरप्पाला वाटलं. पोटच्या पोराला आई इतकी कमी कळावी याचं मला नवल वाटतं, पण तशी पोरं गावोगाव असतात.

नव्या पेठेत विरुपाक्ष शेटचं दुकान होतं. बाहेर चादरी लटकलेल्या, आत गाद्यांची चळत. विरुपाक्ष शेट गोड बोलणारा. "या अव्वा, या. मुलगा असावा तर असा! बसून तर बघा."

मायाक्का गादीवर बसली आणि आत गेली. खरंच आत गेली. तिनं हातानं चाचपून कुठं कठीण लागतंय का ते पाहिलं, लागलं नाही.

"मऊ हाय का न्हाय?" बिरप्पा खूश होऊन म्हणाला.

"लई मऊ हाय. हितनं उठायचं झालं तर दोगं लागतील."

"उठायचंच कशाला? आता निवांत पडायचं."

यावर विरुपाक्ष शेट हसला, बिरप्पा हसला. मायाक्का हसली नाही. गादीच्या कडेला हात रोवून ती कशीबशी उठली, लुगड्याला चिकटलेला कापूस झटकला आणि सरळ दुकानाबाहेर पडून समोरच्या बाजूला गेली. तिथं संगप्पा सनगर घोंगडी मांडून बसायचा. हा स्वतः विणायचा आणि स्वतःच विकायचा, आणि गिऱ्हाईक उन्हात उभं असलं तरी त्याला घाई नसायची.

"घोंगडं दाव," मायाक्का म्हणाली.

"लेकासाठी का?"

"माज्यासाठी."

संगप्पानं तिच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं आणि चळतीतलं सगळ्यात मऊ घोंगडं काढलं. कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर, तिला जावळ म्हणतात. अंगाला टोचत नाही. मायाक्कानं ते गालाला लावलं. क्षणभर तिला ते आवडलंही, हे खोटं कशाला सांगा. मग तिनं मान हलवली. "ह्ये बाळंतिनीला दे. दव पडलं की भिजून गोळा हुईल."

दुसरं काढलं. मायाक्कानं त्याचं एक सूत उपटलं, संगप्पाच्या विडीवर धरलं. करपल्या केसांचा वास आला, म्हणजे लोकर खरी. मग घोंगड्याच्या मधोमध खळगा केला आणि संगप्पाच्या तांब्यातलं पाणी त्यात ओतलं. थोड्या वेळात खाली थेंब गळायला लागले. तिनं तेही बाजूला सारलं.

तिसरं निघालं ते काळंभोर, जाडजूड. चिंचोक्याच्या खळीनं इतकं ताठ झालेलं की घडी मोडेना. त्यात पाणी ओतलं तर तळ्यासारखं तसंच राहिलं.

"ह्ये लई जड हाय अव्वा," संगप्पा म्हणाला. "तुज्यानं उचलायचं न्हाय."

"उचलायला घोडी हाय. मला निस्तं त्यात झोपायचंय."

आणि तिनं ते पाणी ओतून टाकलं, घोंगडं भर रस्त्यात अंथरलं आणि त्यावर आडवी झाली. अर्धं खाली, अर्धं वर. पाय आत ओढून पाहिले, डोकं झाकून पाहिलं, कुशीवर वळून पाहिलं. कुशीवर वळल्यावर पाठ उघडी पडते का, हे उभ्यानं कळत नाही. ज्याला रात्र उघड्यावर काढायची आहे त्यानं झोपूनच बघावं, यात चूक काय? पण नव्या पेठेला ते कुठलं माहीत! माणसं थांबली. गिरणीतून सुटलेले कामगार थांबले. एक टांगा अडला आणि टांगेवाला ओरडला, "ओ अम्मा, घर नहीं क्या तुमकू?"

घोंगड्याच्या आतून आवाज आला, "हाय की घर. तितंच मला कोंडाया निगालाय ह्यो माजा ल्योक."

सगळी पेठ हसली. बिरप्पा धावत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आये, ऊठ! लोकं बघत्यात!"

मायाक्कानं फक्त तोंड बाहेर काढलं. "बघू देत. गावाला सांगितलंस तवा ती लोकं न्हवती व्हय?"

तिनं पुन्हा तोंड आत घेतलं, सावकाश दुसऱ्या कुशीवर वळून पाहिलं आणि मगच उठली. "ह्येच," ती संगप्पाला म्हणाली. "पन एक बाजू अन् पायथा लोकरीच्या दोऱ्यानं शिवून दे. खोळ झाली पायजे. रातच्याला वारं पायाकडनंच शिरतं."

"मी पैसा देनार न्हाय त्येला," बिरप्पा म्हणाला.

"मागितला कुनी?" मायाक्का गाडीकडं गेली आणि एक गाठोडं ओढून घेऊन आली. ती लोकर तिच्या माहेराहून आलेल्या मेंढ्यांच्या वंशाची होती. त्या मेंढ्या वेगळ्या खुणेच्या होत्या, त्यांची लोकर मायाक्काची, हे बिरप्पाच्या बापानंही कधी नाकारलं नव्हतं. संगप्पानं लोकर चिमटीत धरून पाहिली आणि सुई-दोरा काढला.

बिरप्पानं हट्टानं गादीही घेतली. येताना गाडीत एका बाजूला गादी, दुसऱ्या बाजूला घोंगडं आणि मधे मायलेकरं तोंड फिरवून बसलेली.

घरी आल्यावर गादी कोपऱ्यात उभी राहिली. चार दिवसांत एका कोंबडीनं तिच्यावर बसायला सुरुवात केली, आणि तिला कुणी हाकललं नाही. घोंगडं मायाक्कानं मेंढवाड्याच्या तोंडाशी अंथरलं. नवं घोंगडं मेंढरांच्या पायांखाली घातलं की त्याची खळ मोडते, ते अंगाला वळतं, आणि त्याला कळपाचा वास लागतो. सकाळ-संध्याकाळ सगळा कळप त्याच्यावरून जायचा-यायचा. बिरप्पा तेवढा गडग्यावरून उडी मारून ये-जा करायचा, पण त्यावर पाय ठेवायचा नाही. घरातलं बोलणं सुनेमार्फत चाललं होतं. मधल्या मधे फुलाबाईचा जीव मेटाकुटीला आला होता.

या घराची एक रीत होती. निघायच्या सकाळी वाटेला जाणाऱ्या गड्यांची घोंगडी अंगणातल्या बिरोबाच्या दगडापुढं ठेवायची. घरातल्या कर्त्यानं त्यांच्यावर भंडारा उधळायचा. भंडारा पडलेलं घोंगडं घोडीवर चढलं की पहिल्या मुक्कामाआधी खाली उतरवायचं नाही. उतरवलं तर देव मागं राहिला, असं मानायचे. बायकांच्या वाकळांना भंडारा नसायचा. त्या तळाशी कुठंतरी दडपल्या जायच्या, आणि मायाक्काचं जुनं घोंगडंही त्यांच्यातच. आणि घोडीवर ओझं लादणं हे काम मात्र बायकांचंच. पुरुष मेंढरं हाकायचे, बायका घोडी.

निघायची सकाळ आली. बिरप्पानं आपलं घोंगडं ठेवलं, बरोबर निघणाऱ्या त्याच्या दोन चुलतभावांनी ठेवलं. मग मायाक्का आली आणि तिनं आपली काळी खोळ त्यांच्या शेजारी ठेवली.

बिरप्पानं भंडाऱ्याची मूठ भरली. पहिल्या घोंगड्यावर टाकली, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. चौथं सोडून त्यानं हात झटकला. "चला," तो म्हणाला.

अंगणात कुणी हललं नाही. मायाक्का पुढं झाली. तिनं थाळीतला भंडारा मुठीत घेतला.

"आये, बाईनं उधळायचा नसतो," बिरप्पा म्हणाला.

"तू रानात जल्मलास, ह्याच वाटंवर, घोडीच्या सावलीत. तुजा बाप मेंढरांमागं हुता. तुज्या कपाळाला पयला भंडारा कुनी लावला? ह्याच हातानं लावला म्या. तवा चालला, आता चालत न्हाय व्हय?"

आणि तिनं आपल्या घोंगड्यावर मूठ उधळली. मग तिचं लक्ष भिंतीशी ठेवलेल्या फुलाबाईच्या वाकळेकडं गेलं. एक मूठ तिच्यावरही टाकली. फुलाबाई दचकली. आजवर तिच्या अंथरुणाकडं देवाचं लक्ष जावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

फुलाबाईनं पदर खोचला. तिनं खोळ उचलली. जड होती, तिचे गुडघे वाकले. ती तिनं घोडीवर टाकली आणि दोरी आवळली.

"खाली काढ ते," बिरप्पा म्हणाला.

"भंडारा पडलाय त्येच्यावर," फुलाबाई दोरीची गाठ मारत म्हणाली. "माजी छाती न्हाय. काढायचं तर तुमी काढा."

बिरप्पा घोडीपाशी गेला. दोरीला हात घातला. भंडाऱ्यानं पिवळं झालेलं काळं घोंगडं त्याच्या नाकासमोर होतं, आणि दोन्ही चुलतभाऊ बघत होते. त्याचा हात दोरीवर तसाच राहिला.

"आये," तो हळू म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो तिच्याशी नीट बोलला, "वाटंत तुला काय झालं म्हंजी? गेल्या साली त्वांड बघवत न्हवतं तुजं. म्या काय करू मग?"

मायाक्काला राग होता, तो गेला नव्हता. पण पोराचा आवाज कापला हे तिनं ऐकलं.

"मेले तर माती दे अन् म्होरं जा. मेंढरं थांबवू नगंस," ती म्हणाली. "पन मरायच्या आदी मला जित्यापनी पुरू नगं, बिरप्पा."

बिरप्पानं दोरीवरचा हात काढला. मायाक्कानं घोडीची दोरी हातात घेतली, जिभेनं टकटक केलं आणि मागं न बघता गल्लीबाहेर पडली. कळप अजून वाड्यातच होता. त्याला सोडायला बिरप्पाला पळावं लागलं.