नकाशाबाहेरची वाडी

मित्रांनो, आंबेगावच्या डोंगरात दोन खोल्यांची एक शाळा आहे. तिच्या भिंतीवर टांगलेला जुना टीव्ही तो मी. मूळचा मी लोणीच्या एका बागायतदाराच्या बैठकीतला. त्यांनी मोठा टीव्ही घेतला आणि मला शाळेला देऊन टाकलं. शाळेच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर जळाला होता, म्हणून त्याची वायर मला जोडली. पहिल्यांदा चित्र उमटलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. एवढं कौतुक मला लोणीत कधी मिळालं नव्हतं.

पण माझ्यात एक खोड होती. कारखान्यातच मला शिकवलं होतं, की येणारं चित्र थोडं ताणायचं आणि कडा पडद्याबाहेर सोडायच्या. पूर्वी प्रक्षेपणाच्या कडा वेड्यावाकड्या येत, त्या झाकायची ही युक्ती. सिनेमात ते कुणाला कळत नसे. कॉम्प्युटरचं चित्र मात्र काठोकाठ भरलेलं असतं. खालची पट्टी अर्धी दिसायची, ओळीचं पहिलं अक्षर गायब व्हायचं. "जुना टीव्ही, चालायचंच," म्हणून सगळे पुढे जायचे.

ऊन तापू लागलं तेव्हा शाळेत ग्रामसभा भरली. पाण्याची नवी योजना आली होती. ग्रामसेवक नुकतेच बदलून आलेले. त्यांनी तालुक्याहून आणलेला नकाशा माझ्यावर लावला. समोर वरच्या वाडीची झुंबरबाई बसली होती. टाकीसाठी तिचीच जागा हवी होती.

"भाऊसाहेब, यात आमची वाडी कुठं हाय?" तिनं विचारलं.

वाडी दिसेना. ग्रामसेवकांनी कॉम्प्युटरमध्ये चित्राचा आकार बदलून पाहिला. मी क्षणभर काळा पडलो, मग अक्षरं मोठी झाली, कडा तशाच कापलेल्या. वायर काढून पुन्हा लावली. शेवटी ते म्हणाले, "फुल स्क्रीनच आहे, मावशी. नकाशा एवढाच आहे."

नकाशा एवढाच नव्हता, मित्रांनो. वायरीतून माझ्यापर्यंत तो पुरा आला होता. डाव्या कडेला वाडी होती आणि नळाची निळी रेघ तिथवर गेली होती. ती कड मीच बाहेर टाकत होतो. रिमोट शाळेच्या शिक्षिका स्नेहलबाईंच्या कपाटात, आणि बाई ट्रेनिंगसाठी घोडेगावला. दाखवणं एवढंच माझं काम, आणि नेमकं तेच माझ्या हातात नव्हतं.

"आमाला पानी न्हाई, तर आमची जागा कशाला?" झुंबरबाई उठली. तिच्यामागं वाडीच्या साऱ्या बाया उठल्या. सरपंच चिमाजी दारापर्यंत गेले. "मावशी, बसा तरी." कुणी मागं वळलं नाही. ठराव तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात स्नेहलबाई आल्या. अक्षरं कापली जातात म्हणून वैतागून त्यांनी रिमोटवरचं एकेक बटण दाबून पाहिलं. चित्राच्या आकाराचा पर्याय बदलला आणि माझ्या कडा मोकळ्या झाल्या. कॉम्प्युटरमध्ये नकाशा होताच. सभेतला प्रकार बाईंच्या कानावर आला होता; तो उघडताच त्यांना डाव्या कडेला वाडी दिसली. शाळा सुटताच त्या वाडीवर चढून गेल्या. घरांना कुलपं होती. माणसं नारायणगावकडं टोमॅटो तोडायला गेली होती.

झुंबरबाई परतली ती भाताच्या पेरणीला. बाईंनी तिला माझ्यासमोर आणलं. तिनं काचेवर, वाडीच्या ठिपक्यावर, बोट टेकवलं.

"व्हती की," ती म्हणाली. "मंग त्या दिशी का दिसली न्हाई?"

"टीव्ही कडा कापत होता, आजी."

"मी इचारलं तवा त्याला कुनी तपासलं न्हाई, बाई."

झुंबरबाईनं जागा द्यायला होकार दिला, पण मंजुरीची मुदत निघून गेली होती. योजना आता पुढच्या आराखड्यात. तोवर वाडीच्या डोक्यावर हंडे आहेतच.

मित्रांनो, मला पुसा, जपून वापरा, हे तर सांगतोच. पण चित्र पुरं आहे असं कुणी म्हटलं, तरी कडेला बसलेल्या माणसाला विचारा, त्याचं घर दिसतंय का. तो "न्हाई" म्हणाला, तर त्याचं खरं धरून आधी यंत्र तपासा. आम्हा यंत्रांना आमची चूक बोलून दाखवता येत नाही.