आभारप्रदर्शनातली हजेरी

आमच्या एअर कॅडेट स्क्वॉड्रनच्या हॉलमध्ये छताला काळीकुट्ट लाकडी विमानं टांगलेली आहेत. नवीन पोरांना वाटतं, रात्रीच्या हल्ल्यांची असणार. मलाही तसंच वाटायचं. खरं काय ते मला वाँडा आजींनी सांगितलं. आकाशातलं विमान खालून नुसती काळी आकृती दिसतं. ते आपलं की शत्रूचं, हे त्या आकृतीवरून ओळखायला शिकवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात ही मॉडेल्स केली. आणि केली कुणी? वाँडा आजींनी आणि त्यांच्या दोन मैत्रिणींनी. पांढऱ्या चादरीमागे दिवा लावून त्या विमान क्षणभर दाखवायच्या, आणि समोरच्या मुलांनी नाव ओरडायचं.

"तुझ्या स्क्वॉड्रनचे हिरो ना, निम्मे नापास व्हायचे," आजी म्हणाल्या. "मीच करायचे नापास."

आजी सत्त्याण्णव वर्षांच्या. आई इथे नोव्हाय गावातल्या ज्या सिनियर होममध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे राहतात. स्क्वॉड्रनचा वर्धापनदिन झाला की पुढच्याच आठवड्यात मुलगा त्यांना ॲरिझोनाला नेणार होता. म्हणजे यंदाचा वर्धापनदिन त्यांचा शेवटचा.

वर्धापनदिनाला आमच्याकडे हजेरी होते. युद्धावर गेलेल्या मुलांची नावं आमचे प्रमुख मेजर टॉलिव्हर वाचतात आणि प्रत्येक नावाला आम्ही कॅडेट्स 'हजर' म्हणतो. त्यात मुलीचं नाव एकही नाही. मी मेजरांना विचारलं, का?

"तेव्हा मुली स्क्वॉड्रनमध्ये नव्हत्या, आश्लेषा. मदतीला होत्या," मेजर म्हणाले.

"सर, परीक्षा त्याच घ्यायच्या."

"स्क्रिप्ट ठरलीय. बोलायची एवढी हौस असेल तर शेवटी आभार मान. दोन मिनिटं. भलतंसलतं बोललीस तर झेंडा दुसऱ्याच्या हातात जाईल."

परेडमध्ये झेंडा धरायचा मान मला मार्चमध्येच मिळाला होता. त्याआधी तीन वर्षं मी मागच्या रांगेत, तोंडातून शब्द न काढता उभी असायचे.

मी निहारला सांगितलं. तो माझ्याच तुकडीत आहे. हसून हसून त्याला उचकी लागली.

"यार, सरांनी मराठी माणसाला आभारप्रदर्शन दिलं? त्यांना कुणी वॉर्न नाही केलं?"

त्याचं बरोबर होतं. आमच्या मंडळाच्या गणपतीत आभार सुरू झाले की टाचण्या आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं येतात. गेल्या वर्षी नीलांबरी काकूंचं नाव राहिलं. सगळ्या मोदकांना एकटीने कळ्या पाडल्या होत्या त्यांनी. अध्यक्षांना पंगत थांबवून पुन्हा माइक हातात घ्यावा लागला. नाव राहणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही.

"झेंडा जाईल हां," निहार म्हणाला.

"जाऊ दे."

वर्धापनदिनाला आईने आजींना व्हीलचेअरवरून आणलं, अगदी पुढच्या रांगेत. हजेरी झाली, टाळ्या झाल्या. मग मी माइकपाशी गेले. स्पॉन्सर्सचे आभार मानले, पिझ्झावाल्यांचे मानले, खुर्च्या लावणाऱ्यांचे मानले. मेजर घड्याळ बघायला लागले.

"आणि आता छताकडे बघा," मी म्हणाले. "ही विमानं ज्यांनी कोरली, काळी रंगवली, आणि आत्ता आपण ज्यांची नावं घेतली त्या प्रत्येकाला ज्यांनी शिकवलं, त्यांची हजेरी राहिलीय. वाँडा नोवित्स्की."

मेजर उठून माझ्या दिशेने यायला लागले.

"हजर," आजी म्हणाल्या. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात.

"रूथ बेकर."

यांच्या नावाला उत्तर द्यायला कुणी नव्हतं. रूथही गेली आणि तिसरी मैत्रीण हेलनही. मेजर पायरीपाशी पोचले होते, पण मी माइक सोडला नाही.

"हजर," मागून निहार म्हणाला. आवाज फाटला त्याचा, पण म्हणाला.

"हेलन डोरसी."

या वेळी अख्खी तुकडी म्हणाली. छताखाली ते असं घुमलं की विमानं हलल्यासारखी वाटली मला. मेजर पायरीवरच थांबले.

कार्यक्रमानंतर त्यांनी मला बाजूला बोलावलं. "पुढच्या परेडला झेंडा दुसरं कुणी धरेल."

"चालेल, सर. पण पुढच्या वर्षी ही तीन नावं स्क्रिप्टमध्ये घाला. नाहीतर आभार परत मीच मानणार."

पलीकडे वाँडा आजींनी निहारला खाली वाकवलं होतं आणि छताकडे बोट दाखवून विचारत होत्या, "हे कुठलं?"

निहार चुकला.

"नापास," आजी म्हणाल्या.