गोल कुणाचा

लातूर जिल्हा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि आमच्या बनियनवर 'लातूर' ही अक्षरं पहिल्यांदाच चढली होती. त्याआधी उस्मानाबादच्या संघात आमच्यातला एखादाच जाई, तोही राखीव म्हणून. आता अकराच्या अकरा आमचे! फुटबॉलचा सामना नांदेडशी, तोही नांदेडच्याच मैदानावर. बरोबरी झाली तर गुणांवर तेच पुढं जाणार. जिंकलो तरच नव्या जिल्ह्याचं नाव पुढं निघणार होतं. मी मल्लिकार्जुन, संघाचा कर्णधार.

आमच्यातले निम्मे कबड्डीतून उचललेले. रेषेला पाय लागला की बाद, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणून बाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकताना, म्हणजे थ्रो करताना, विरूपाक्ष रेषेपासून दोन हात मागंच उभा राही. पण काय दंड होते गड्याचे! पाय जमिनीत रोवून, दोन्ही हातांनी डोक्यामागून चेंडू असा भिरकावी की थेट गोलपुढं पडे. आमच्या सरांनी एकदा सगळ्यांना बसवून थ्रोचे नियम नीट समजावले होते. त्या दिवशी एकटा व्यंकट तेवढा आला नव्हता. दुष्काळच तसा होता. तो घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभा होता. पण व्यंकटचं काम पुढं पळायचं आणि गोल मारायचा. त्याला नियम कशाला लागतात, असं सगळ्यांनाच वाटलं.

शेवटची काही मिनिटं उरली, अजून शून्य-शून्य. चेंडू नांदेडच्या गोलजवळ बाहेर गेला आणि थ्रो आम्हाला मिळाला. मी घसा फाडून विरूपाक्षाला पुढं बोलावलं, आणि तो पहिल्यांदाच पांढऱ्या रेषेवर येऊन उभा राहिला. फेकला! सगळ्यांच्या डोक्यांवरून चेंडू निघाला, व्यंकटनं उंच उडी घेतली, गोलकीपर दचकून मागं सरला, आणि चेंडू जाळीत!

आम्ही येडेच झालो. एकमेकांच्या अंगावर पडलो, धुळीत लोळलो. व्यंकटनं तर विरूपाक्षाला खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात शिट्टी वाजली आणि मला थ्रोचा नियम आठवला. थ्रोचा चेंडू कुणालाच न लागता गोलात गेला तर गोल धरत नाहीत, समोरच्या संघाला गोलकिक देतात. रेफरी साहेबराव सरांना नेमकं दिसलं नव्हतं, रेषेवरच्या पंचांनाही नाही. गोलकीपर म्हणाला, मी बोटही लावलं नाही, आणि ते खरंच होतं. मग रेफरी सर व्यंकटकडं वळले. मी तोंड उघडताच त्यांनी मला हातानंच गप्प केलं.

"तुला लागला का?"

मी डोळे वटारले, भुवया उडवल्या, जमेल तेवढं तोंड वेडंवाकडं केलं. व्यंकटनं माझ्याकडं पाहिलं आणि त्या शहाण्याला वाटलं, मी बजावतोय, दुसऱ्याचा गोल लाटू नको म्हणून. छाती काढून तो म्हणाला, "न्हाई सर. मला कुठं लागला? विरूपाक्षाचाच गोल हाय."

सरांनी गोलकिक दिली. नांदेडकरांनी मैदान डोक्यावर घेतलं आणि हा आपला हसतोच आहे! मी दात ओठ खात त्याला नियम सांगितला. त्याचा चेहरा पार उतरला. पळत सरांकडं गेला, लागला होता म्हणून हातापाया पडू लागला. सर म्हणाले, विचारल्यावर दिलेलं उत्तरच खरं धरणार. त्यांचं बरोबर होतं. मला तेव्हा पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही.

सामना शून्य-शून्यवरच संपला. व्यंकट नांदेडच्या गोलपाशी गुडघ्यात डोकं घालून बसला होता. त्याला दोन ठेवून द्यायच्या म्हणूनच मी तरातरा गेलो, तर विरूपाक्ष माझ्याआधी पोचलेला.

"खरंच लागला हुता?" विरूपाक्षानं विचारलं.

"हाव. केसाला लागला. पण फेकला तू. तुझा गोल मी कसा घेऊ?"

विरूपाक्ष त्याच्या शेजारी खाली बसला.

"घ्यायचास की रं. तुलाच तर दिला हुता."