गंगाफळाचे तीन घास

गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अय्या, किती गोड नाव!" नाव गोडच आहे. भाजीपण गोडच असते, तोच तर वांधा. मेथीदाण्याच्या फोडणीतला तो गिळगिळीत, धाग्याधाग्याचा गोडवा जिभेला लागला की मी आजही घास थुंकते. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई. नंदुरबारात माझं मिरची कांडायचं मशीन आहे. दिवसभर तिखटाच्या धुरळ्यात उभी राहते, शिंकत नाही. पण बाजारात गंगाफळाची फोड दिसली की रस्ता बदलते. हसायचं तर हसा.

शहाद्याजवळच्या आमच्या गावात श्रावणात कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते. नारळाला डोळे, नथ, साडी-चोळीचा साज, आणि घरोघरी रोट, म्हणजे तिचा प्रसाद. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. ते घरीच दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या, सोबत खीर, चण्याची डाळ आणि गंगाफळाची भाजी. हा प्रसाद फक्त घरच्यांनी खायचा. परक्याला द्यायचा नाही, कुत्र्याला टाकायचा नाही, ताटात कण ठेवायचा नाही. लग्न करून दिलेली लेक परकी. तिच्या तोंडात एक घास गेला तरी सगळा रोट बाटला, मग तो नदीत सोडायचा. पोरींच्या नावाची मूठ कधी धरत नाहीत, पण लग्न होईपर्यंत ताट मात्र चाटूनपुसून संपवायचं. मुठीत आम्ही नाही, माराला आहोत. वा रे न्याय!

माझा भाऊ नवनीत माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याला गंगाफळ माझ्याहून जास्त नको असायचं. तो सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. रोटाचं ताट पुढे घेऊन तो तासभर बसला होता, गाल फुगवून, पहिलाच घास तोंडात धरून. आमचे वडील सुकलाल पाटील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, उठले आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली की घास भिंतीवर जाऊन चिकटला. मग त्यांनी त्याला जमिनीवर उताणा पाडला, छातीवर गुडघा ठेवला, नाक दाबलं आणि मला हाक मारली.

"रंजे, हात धर त्याना. नही तं तुन्हा नंबर."

मी धरले. दहा वर्षांची होते, पण धरले ना! दोन्ही मनगटं जमिनीवर दाबून धरली. नवनीतनं दात आवळले होते, म्हणून आप्पांनी पितळी पळीची दांडी त्याच्या दातांमध्ये घातली आणि पिळली. कट्ट करून आवाज झाला. पुढचा दात, नुकताच आलेला, पक्का, अर्धा तुटून भाजीत पडला. त्यानं ओकारी काढली. आप्पांनी ती ओकारी बोटानं गोळा करून परत त्याच्या तोंडात घातली. हे मी वाढवून सांगत नाही. आमची माय दगूबाई चुलीजवळ बसून पदरात रडत होती, आणि कानबाईसमोर दिवा जळत होता.

आप्पा हात धुवायला गेले तेव्हा नवनीतनं माझ्याकडे पाहिलं. तोंडातून रक्त, लाळ, पिवळा रस. म्हणाला, "ताई, आते नही ना खावानं?"

मी म्हटलं, "तीनच घास शेत, भो." आणि ते तीन घास मी माझ्या हातानं त्याला भरवले.

पुढच्या उन्हाळ्यात वादळ आलं आणि आमची केळी आडवी झाली. आप्पांनी ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला सांगितलं, "या पोऱ्यानं रोट ओकना, त्यानं फळ शे हाई." वादळात चार गावांची केळी गेली होती. त्या चार गावांत कोण ओकलं होतं? पण हे विचारणार कोण! सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. तो मोठा झाला, त्यानं त्या दातावर चांदीच्या रंगाची टोपी बसवून घेतली, बाप झाला, पण केळीच्या पानांवर साधा करपा रोग आला तरी त्याचा चेहरा उतरतो.

यंदा रोटाच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोचा, रूपालीचा, फोन आला. तिचा आवाज फाटलेला.

"ताई, तुम्ही सकाळच्या गाडीनं या. भाग्येशच्या नावाची मूठ धरली यंदा."

भाग्येश माझा भाचा, सहा वर्षांचा. आमच्या भावकीत पोर पाच वर्षांचं पूर्ण झालं की त्याची मूठ सुरू होते, आणि मूठ धरली की पूर्ण ताट. भाग्येशला बालदमा. श्वास लागला की ओठ निळे पडतात, पंप ओढला की बरा होतो. आणि गंगाफळ? त्याच्या नुसत्या वासानं त्याला उमासे येतात. आमचं रक्त आहे ना!

"नवनीत काय म्हणतो?" मी विचारलं.

"ते म्हणता, संपवावाच लागी. केळीवरला करपा पाहीसन त्यासनी झोप उडेल शे."

मी मशीन बंद केलं. हात रिठ्यानं, तेलानं, लिंबानं धुतले. कांडपवाल्या बाईच्या हाताची आग जात नाही, कितीही धुवा. सकाळी बसनं शहादा, तिथून रिक्षानं गाव.

दुपारी बारा वाजता पंगत बसली. आप्पा आता पंच्याहत्तरीचे. गुडघे गेलेत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, पण जिभेला काही झालेलं नाही. मी उंबऱ्याशी बसले, परकी ना मी. सरळ आप्पांना म्हटलं, "आप्पा, पोराला दमा आहे. एक घास नावाला द्या, बाकी नवनीत खाईल."

"ज्यानी मूठ, त्यानं खावानं," आप्पा म्हणाले. "तू पाव्हनी. पाव्हनीनं चहा पेवाना, घर जावानं."

नवनीतकडे पाहिलं. तो नजर देईना. "ताई, तू यामां पडू नको. एक सालनी बात शे. मंग सवय व्हई जाई."

"तुला झाली का रे सवय?"

त्यानं जीभ दातावरच्या टोपीवर फिरवली. ती सवय मात्र झाली होती.

भाग्येशनं पोळी खाल्ली, खीर खाल्ली, डाळ खाल्ली. गुणी पोर. गंगाफळाजवळ आला आणि थांबला. सगळे बघत होते. त्यानं एक फोड उचलली, तोंडात घातली, डोळ्यांतून पाणी काढून गिळली. दुसरी अर्ध्यावर परत आली, ताटात.

"ओकना!" आप्पांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "बापसारखाच ओकना! नवनीत, देखस काय? केळी परत आडवी करानी शे का?"

नवनीत उठला. आधी एक चापट, मग दुसरी. पोर "पप्पा, नको, पप्पा, नको" करत मागं सरकलं, भिंतीला अडलं. नवनीतनं त्याचा दंड धरून ओढला, उताणा पाडला आणि छातीवर गुडघा ठेवला. तस्साच, एका रेषेचा फरक नाही. रूपाली पंप घेऊन धावली तर त्यानं कोपरानं तिला असं ढकललं की ती कोठीवर आपटली. पंप घरंगळत कॉटखाली गेला. भाग्येशच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. नवनीतनं त्याचं नाक दाबलं.

"नवनीत! मरेल तो!" मी ओरडले.

पोराचे पाय लाथा झाडत होते. एक लाथ नवनीतच्या पोटात बसली. आणि तेव्हा आप्पा माझ्याकडे वळले. अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाले, "रंजे, बठी काय ऱ्हायनी? पाय धर त्याना. तुले माहीत शे."

तुले माहीत शे. चौतीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, मला कळत नव्हतं, मी धरले नसते तर मला मारलं असतं. या माणसाला मात्र एवढंच लक्षात होतं की रंजी धरते.

मी उठले. पाय नाही धरले. भाग्येशचं ताट उचललं, पंगतीच्या मधोमध मांडी घातली, आणि गंगाफळ खायला लागले.

पाचही बोटांनी. पहिला घास, दुसरा घास. पोटातून उसळी आली, ती दाबली. पोरानं अर्धं काढलेलं, लाळेत माखलेलं, तेही खाल्लं. नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आधी कोणाला कळलंच नाही. मग मायच्या तोंडून निघालं, "व माय! आंडेरनं रोट खाई टाका!" आंडेर म्हणजे लेक. लेकीनं रोट खाल्ला.

"बाटना! रोट बाटना!" आप्पा किंचाळले. खुर्चीतून उठायला गेले आणि तिथंच कोसळले. कोणी उचलायला गेलं नाही. "नवनीत, हान तिले! हान!"

मी पातेलं ओढलं आणि त्यात हात घातला. तेही बाटवलं. "आता कोणी खायचं नाही," मी म्हटलं. "सोडा नदीत. सोड त्या पोराला!"

नवनीतनं सोडलं, कारण त्याला मला मारायचं होतं. लाथ माझ्या बरगडीत बसली, मी पातेल्यासकट आडवी झाले. त्यानं केस धरले, डोकं फरशीवर आपटलं. एकदा, दोनदा. "मन्ही केळी! मन्हं घर! तुले काय वाटस, तू जाशी निंघीसन, भोगवानं आम्ही!" तो रडत होता आणि मारत होता. डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझा हात त्याच्या तोंडावर गेला, नाकावर, डोळ्यांवर, आणि बोटं रुतवली. वीस वर्षांची मिरची आहे त्या बोटांत. तो गुरासारखा ओरडला, डोळे धरून मागं झाला. माझ्या हाताला पळी लागली. तीच पितळी पळी, आमच्या घरात काही फेकत नाहीत. मी उठले आणि सगळा जीव एकवटून ती त्याच्या तोंडावर हाणली.

कट्ट.

खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. एक क्षण इतकं बरं वाटलं की दुसरी हाणायला मी हात वर नेला होता. आप्पांवर हाणायला. ते फरशीवर पडल्या पडल्या माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं होतं. दहा वर्षांच्या पोरासारखं. कोणी झाकायला शिकवलं होतं त्यांना, देव जाणे. मी पळी खाली टाकली.

कॉटजवळ रूपालीनं पंप पोराच्या तोंडाला लावला होता. एक दाब, दुसरा दाब. शिट्टी वाजतच होती, पण हळूहळू उतरत होती. ओठांवर रंग येत होता. माय भिंतीला टेकून रोटाच्या पातेल्याकडे बघत होती, जणू घरात मढं पडलंय.

"या उंबऱ्यावर पाय नको ठेवू," आप्पा खालूनच बोलले. "आम्ही मरी गयात तरी नको येवू."

"नाही येणार," मी म्हटलं. माहेर गेलं. मला ठाऊक होतं, पहिला घास उचलला तेव्हाच ठाऊक होतं. कपाळातून रक्त गळत होतं, ते पदरानं दाबलं आणि चप्पल शोधायला लागले.

नवनीत फरशीवर बसला होता, पाय पसरून. डोळे मिरचीनं लाल, उघडत नव्हते. तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. दातावरची ती टोपी गंगाफळाच्या रश्श्यात पडली होती. त्यानं चाचपत ती उचलली, हातात धरली. जीभ त्या अर्ध्या दातावर गेली. एकेचाळीस वर्षांचा माणूस, सहा एकर केळीचा मालक. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यानं तोंड वर केलं.

"ताई," तो म्हणाला, "आते नही ना खावानं?"

मी परत फिरले. त्याच्यासमोर खाली बसले आणि त्याच्या हनुवटीवरचा तो पिवळा रस माझ्या पदरानं पुसला.

"नही, भो," मी म्हटलं. "आते नही खावानं."