नखाएवढी जागा

चिमट्याची स्प्रिंग गंजली होती, तरी तो धरत होता. लाकडी, एका पायाचा टवका उडालेला, दोरीच्या मधोमध एकटाच – कालचे कपडे वाळून आत गेले आणि हा काढायचा राहिला. तोंडात काही नाही, नुसती दोरी. जणू ह्याने सोडलं तर दोरीच खाली येईल... तिला हसू आलं. हातातली उशीची ओली खोळ पावलांवर ठिबकत होती, आणि हसता हसताच तिला आठवलं की संध्याकाळपर्यंत कव्हर द्यायचंय.

कव्हर म्हणजे छोटीच्या गेमचं मुखचित्र. छोटी म्हणजे हिची नणंद. घरात सगळ्यांत उंच, दारातून वाकून येते, पण शेंडेफळ म्हणून छोटी ती छोटीच. चांगली नोकरी सोडून, पोटाला चिमटा काढून दोन वर्षं तिने एकटीने हा गेम केला आणि वर त्याचं नावही ‘चिमटा’ ठेवलं. कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा छतांवरच्या दोऱ्यांवरून चालत जातो आणि वाऱ्याने उडणारे कपडे धरतो. बस्स, एवढंच. ऐकायला वेडगळ वाटतं, पण खेळायला बसलं की भाजी करपते. ह्या घरात दोनदा करपली.

तो उद्यापासून ऑनलाइन दुकानात विकायला लागणार होता. तिथलं त्याचं पान महिनाभर आधीच लावलेलं, त्यावर ह्या वहिनीने काढलेलं कव्हर – आणि कुणी फिरकलं म्हणून नाही. त्या दुकानात प्रत्येक गेमला नखाएवढी जागा मिळते. माणसं अंगठ्याने चित्रं वर ढकलत जातात, एखाद्यावर अंगठा थांबला तर थांबला, नाहीतर दोन वर्षं गेली वर निघून. हिचं चित्र मोठ्या पडद्यावर देखणं होतं... तीन छतं, वादळ, चंद्र, कावळा, पळणारे मोजे, आणि कोपऱ्यात खिडकीतून बघणारी आजीसुद्धा. छोटीच्या एका मित्राने दुकान उघडून पाहिलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, तो निळा डाग तुमचाच का?

डाग. कपड्यांच्या गेमला डाग. ह्यावर ही सगळ्यांत मोठ्याने हसली होती, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली होती.

त्यानंतर एकदा चहा ओतताना, कपाकडेच बघत, छोटी म्हणाली होती, “वहिनी, एखाद्या माहितगाराला विचारायचं का?” आणि हिने, “विचार की, त्यात काय,” असं इतक्या पटकन म्हटलं की दोघींनाही ते खोटं ऐकू आलं. माहितगाराचं चित्र आलंसुद्धा. त्यात चिमट्याला भुवया होत्या, रागावलेल्या, आणि मागे आग लागलेली. कशाला आग, कुणास ठाऊक. पण लांबून दिसत होतं, हे मान्य करावंच लागेल – हिचं दिसत नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत हिचं नवं झालं नाही, तर ते भुवयावालं लागणार होतं. छोटीने तसं सांगितलं नव्हतं, पण सांगायचं राहिलं होतं तरी काय?

खोळ झटकून तिने दोरीवर टाकली, शेजारी टॉवेल, आणि शेवटचा रुमाल त्या गंजक्या चिमट्यात अडकवला. रोजचे हात, रोजचं काम... शाळेत चित्रकलेच्या बाईंनी तिचा कागद वर धरून वर्गाला दाखवला होता – खाली एक होडी, वर सगळं आभाळ मोकळं – आणि विचारलं होतं, कागद फुकट आला का? त्या दिवसापासून तिने जागा रिकामी सोडली नाही. मुलांच्या पुस्तकांत झाडाच्या पानापानावर किडे काढले. आईंनाही – म्हणजे सासूबाईंना – तेच आवडायचं. हिच्या चित्रात रोज नवं काही सापडतं, असं त्या आल्यागेल्याला सांगत. लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा जेवताना कुणी दोन घास गप्प बसलं की ही बोलायला लागायची. बसचं, हवेचं, काहीही. गप्प राहिलं की कुणीतरी विचारेल, एवढंच? हीच आमची सून, एवढीच?

वारा आला. खोळ फुगली, तिच्या शेजारचा टॉवेल हलला, आणि शेवटचा रुमाल एका कोपऱ्यावर आडवा झाला... गंजक्या चिमट्याने धरलेल्या कोपऱ्यावर. ती बघत राहिली. वर सरळ दोरी, खाली लोंबणारे कपडे. वर रेघ आणि खाली–

अगं बाई.

अक्षरं! आपली अक्षरं कुठे जमिनीवर उभी असतात? ती रेघेला लोंबतात, ह्या कपड्यांसारखीच. वरची रेघ म्हणजेच दोरी. नावातच होती की ती, पहिल्या दिवसापासून, आणि मी चंद्र काढत बसले होते. काखेत कळसा न् गावाला वळसा!

हात न पुसताच ती लॅपटॉपपाशी गेली. चंद्र पुसला. मोजे पुसले. छतं गेली, वादळ गेलं, आजीला मनातल्या मनात नमस्कार करून तिलाही पुसलं. कावळ्याशी बोट अडखळलं. फार जमला होता तो, मान वाकडी करून बघणारा... गेला. मग संध्याकाळच्या भगव्या आभाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच काळी रेघ, तिला लोंबलेली ‘चिमटा’ची पांढरी अक्षरं, आणि शेवटचा ‘टा’ वाऱ्याने उचलला जाऊन निम्मा सुटलेला, एका कोपऱ्यावर तगलेला. त्या कोपऱ्यावर चिमटा. भुवया नाहीत, डोळे नाहीत. नुसते दोन पाय ताणलेले. बाकी सगळं आभाळ मोकळं. बाई, कागद फुकट नाही आला, चांगला महाग पडलाय.

तिने ते लहान केलं. आणखी लहान. नखाएवढं. दुकानातल्या इतर चित्रांच्या गर्दीत नेऊन ठेवलं आणि खुर्ची मागे सरकवली, आणि उगीचच श्वास धरला.

आई दारात आल्या होत्या. चष्मा नेहमीप्रमाणे डोक्यावर, आणि तोच शोधत त्या घरभर फिरत होत्या. दारातूनच म्हणाल्या, “अगं, ते शेवटचं उडेल ना. नीट लाव.”

“कुठलं, आई? गॅलरीतलं?”

“नाही गं. ते, त्या पडद्यावरचं.”

दारातून. चष्म्याशिवाय. तिला उठून आईंना उचलावंसं वाटलं, निदान त्यांचा चष्मा तरी त्यांच्या डोळ्यांवर ठेवावासा वाटला, आणि तिने तो ठेवला, आणि आई, अगं बाई, इथेच होता होय, म्हणत हसत निघून गेल्या. दिसलं! नुसतं दिसलं नाही, काळजी वाटली त्यांना, एका अक्षराची. मला जमलं. हे मला जमलं, भुवयांशिवाय. ती खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवत होती, शाळेतल्या मुलीसारखी, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

छोटी संध्याकाळी दारातून वाकून आत आली तेव्हा चित्र तिच्या फोनवर पाठवून झालं होतं. चप्पलही न काढता ती भिंतीला टेकली. आधी बघत राहिली. मग दोन बोटं पडद्यावर ठेवून तिने चित्र चिमटीत धरलं आणि लहान केलं... मोठं केलं... परत लहान, आणखी लहान. त्या दोन बोटांकडे बघता बघता हिच्या ओठांवर सगळं जुनं आलं – अजून कच्चं आहे, रंग बदलता येईल, तुला नको असेल तर ते दुसरं लावू, मला मुळीच वाईट वाटणार नाही – सगळे मोजे, सगळे किडे, रांगेने. हिने ओठ मिटून धरले.

“वहिनी,” छोटी शेवटी म्हणाली, “कावळा कुठे गेला?”

“गेममध्ये आहे की. आत येईल त्याला भेटेल.”

छोटीने मान वर केली नाही. ना हो, ना नाही. बोटं पुन्हा चित्रावर गेली. एरवी ह्या गप्प बसण्यात हिने निम्मा संसार सांगून टाकला असता. आज ही उठली, गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे काढायला लागली, खोळ, टॉवेल, मग रुमाल. चिमटा तिने मुद्दामच दोरीवर राहू दिला. आतून अजून काही आवाज येत नव्हता, आणि ती हळूहळू, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून खोळीची घडी घालत होती.