पहारीवर मामा

जावईबापूंनी पाना बॉनेटवर ठेवला तेव्हा घड्याळात सव्वादहा झाले होते. त्या गॅरेजात पाना बॉनेटवर ठेवणं म्हणजे हात टेकणं. हा नियम मामाचा, चाळीस वर्षांपासूनचा. काम अडलं की कुरकुर करायची नाही, पाना ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. जो उचलेल त्याचं काम. मग ठेवणाऱ्याने त्या कामाला बोटसुद्धा लावायचं नाही.

जावईबापू बाजूला झाले, पण गप्प बसले नाहीत. खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांना, म्हणजे मामाला, म्हणाले, "बाबा, हा जोड काही निघत नाही. गॅस लावून अख्खा आर्मच कापू. नवा चार दिवसांत येईल."

गाडी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची होती. त्या स्टुलावरून उठल्याच. "चार दिवस? मला बारा वाजता एका गाईला टाके घालायचेत. तिला काय सांगू, आर्म यायचाय?"

दोन गाड्या पलीकडे तेरा नंबर ब्रेक बदलत होती. नुसत्या आवाजावरून तिला सकाळपासून कळत होतं की जावईबापू खालून पिनेच्या टोकावर ठोकताहेत. प्रत्येक ठोक्यागणिक तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

तेरा नंबर म्हणजे मामाची भाची. अठराव्या वर्षी ती गॅरेजात आली, त्या पहिल्याच दिवशी मामाने चौदाचा पाना मागितला आणि तिने नटाकडे बघून तेराचा हातात दिला. तेराचाच लागला. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. बावीस वर्षं तिने इथे वंगण खाल्लं, आणि परवा जेवताना मामाने सगळ्यांसमोर जाहीर केलं की त्याच्या गुडघ्यांनी राम म्हटला आहे, सोमवारपासून गॅरेजची किल्ली जावयाकडे. वर तिला म्हणाला, "तू असशीलच ना मदतीला." मदतीला! तिचं काम पाहून मामा नेहमी म्हणायचा, "पोरगा असतीस ना, तर..." त्या 'तर'च्या पुढे तो बावीस वर्षांत कधी गेला नाही.

ती हात पुसत आली आणि तिने पाना उचलला.

"ताई, उगाच वेळ घालवू नका," जावईबापू म्हणाले. "मी दोन तास झटलोय."

"दिसतंय." ती मामाकडे वळली. "मामा, आर्म न कापता हा जोड काढला, तर किल्ली माझ्याकडे."

मामा खुर्चीत चुळबुळला. "अगं, हे काय मध्येच?"

"आणि नाही निघाला तर?" जावईबापूंनी विचारलं.

"तर सोमवारपासून तुमच्या हाताखाली. चहासुद्धा मीच आणीन."

मामाच्या होकाराची वाट न बघता ती गाडीखाली वाकली.

स्टिअरिंग फिरवलं की चाकाला वळवणारा एक दांडा असतो. त्याच्या टोकाच्या जोडाला निमुळती पिन असते, आणि ती चाकाच्या आर्ममधल्या भोकात वरून घट्ट रुतून बसते. नट काढला तरी पिन सुटत नाही. गंज चढला असेल तर ढिम्म हलत नाही. जावईबापूंनी नट पार काढून टाकला होता आणि पिनेचं टोक ठोकून ठोकून चपटं केलं होतं. आता वर सरकली असती, तरी ते टोक भोकातून गेलं नसतं.

तिने कानस घेतली आणि टोक घासायला बसली.

"जोड फेकून नवा बसवायचाच आहे," जावईबापू हसले. "पेच कसले साफ करताय?"

"नट परत चढवायचाय. पिन एकदम सुटली तर दांडा उसळून थोबाड फोडेल. माझं आहे ते बरं आहे."

डॉक्टरीणबाई फिसकन हसल्या. मामाला ही गोष्ट त्यानेच शिकवल्याचं आठवलं असावं, कारण तो खुर्ची ओढत जवळ आला.

चार पेच चढतील इतका नट तिने बसवला. मग दोन हातोडे घेतले. एक आर्मच्या एका कुशीला टेकवला आणि दुसऱ्याने बरोबर समोरच्या कुशीवर घाव घातला. पिनेला नाही, भोकाच्या भिंतीला. भिंत क्षणभर दबली की पिनेची पकड सुटते. दहा घाव झाले. वीस झाले. खांद्यातून कळ निघाली. पिन जागची हलली नाही.

"चहात साखर कमी, हं ताई," जावईबापू म्हणाले.

तिला रडू आलं असतं, पण रागाने त्याला वाट दिली नाही. ती उठली, कोपऱ्यातली पहार आणली आणि दांड्याखाली घालून आर्मवर टेकवली. पहारीचं दुसरं टोक दाबलं की दांडा वर उचलला जाणार, आणि तेवढ्यात घाव बसला की काम फत्ते. पण दोन्ही हातात हातोडे असताना पहार दाबायची कोणी?

"जावईबापू, जरा जोर लावता?"

"मी पाना ठेवलाय ना! बोटसुद्धा लावायचं नाही. तुमचाच नियम."

डॉक्टरीणबाई पुढे आल्या, पण गिऱ्हाइकाला पहारीवर बसवण्याइतकी ती घायकुतीला आली नव्हती. तिने मामाकडे पाहिलं.

"मामा, बस."

मामाला कळलं होतं, तो बसला तर काय होणार ते. त्याने जावयाकडे पाहिलं, मग त्या घासलेल्या पिनेकडे पाहिलं. चाळीस वर्षांत या गॅरेजात एकही आर्म कापलेला नव्हता. कण्हत कुथत तो उठला, पायजमा सावरला आणि पहारीच्या टोकावर अख्खं वजन टाकून बसला.

"मार," तो म्हणाला.

तिने मारला. आणखी एक. तिसऱ्याला बंदुकीसारखा आवाज झाला, दांडा उसळून नटावर अडला, पहार सटकली आणि मामा धप्पकन फरशीवर बसला. पिन मोकळी डुलत होती. आर्मवर ओरखडासुद्धा नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. जावईबापूंनी एकाएकी हात धुवायला घेतले.

मामा फरशीवरच हसत सुटला. डोळे पुसत म्हणाला, "काय घाव घातलास! पोरगा असतीस ना, तर..."

"पोरगा असते, तर मीपण सकाळपासून खालून पिनच ठोकत बसले असते."

मामाचं हसू थांबलं. मान खाली घालून त्याने उठायला हात वर केला. तिने तो घट्ट धरला, पण ओढला नाही.

"आधी किल्ली."

"अगं, उठू तरी दे!"

"बावीस वर्षं मी उभी आहे, मामा. तू दोन मिनिटं बस."

"लवकर उरका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझी गाय थांबलीय."

मामाने मोकळ्या हाताने खिसा चाचपायला सुरुवात केली.