अर्धा मिलिमीटर

तिने गुडघे टेकले, सुरी मातीत खुपसून चार बोटांचा चौकोन कापला आणि तो तळहातावर उलटा केला. मुळं जेमतेम दोन बोटं खोल होती. गेल्या उन्हाळ्यात याच जागी ती चांगली पाच बोटं भरली होती. तिने स्वतः मोजली होती. तुकडा तिने परत जागेवर बसवला, टाचेने हलकेच दाबला आणि ती उभी राहिली. समोरचं सगळं ग्रीन जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचं झालं होतं.

गोल्फच्या मैदानात झेंड्याभोवतीचं, सगळ्यात बारीक कापलेलं गवत म्हणजे ग्रीन. तिथं चेंडू उडवायचा नसतो, घरंगळवायचा असतो. या मैदानात अशी अठरा ग्रीन होती आणि तीन आठवड्यांत त्यांतली बरोबर चार पिवळी पडली होती. ती चार तिच्या प्रयोगातली होती.

प्रयोग साधा होता. आठ ग्रीन घ्यायची. चारांना नेहमीएवढं पाणी, चारांना निम्मं. बाकी सगळं सारखं: खत तेच, कापणीची उंची तीच, तीन मिलिमीटर. मग उतरत्या पट्टीवरून चेंडू सोडून तो किती लांब जातो ते मोजायचं, आणि चोवीस खेळाडूंना, कुठल्या ग्रीनला किती पाणी मिळतं ते न सांगता, आठ फुटांवरून चेंडू खड्ड्यात घालायला लावायचं. गेला अख्खा उन्हाळा हे चाललं. निम्म्या पाण्यावरची ग्रीन हिरवीगार राहिली आणि चेंडू तेवढाच पळाला. खेळाडूंपैकी कुणालाच फरक कळला नाही. एकाने छातीठोकपणे सांगितला, पण नेमका उलटा.

गवतावर डॉक्टरेट केली म्हटल्यावर 'गायीगुरांसाठी का?' असं विचारणारे नातेवाईक तिला गेली पंधरा वर्षं भेटत आले होते. त्या आकड्यांनी त्यांचीही तोंडं बंद झाली. वाचलेलं पाणी उताराखालच्या वस्तीला मिळणार होतं, जिथं नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं. येत्या सोमवारी तिच्या अहवालावर क्लबची समिती अठराच्या अठरा ग्रीनचं पाणी निम्मं करणार होती, आणि तिच्यामागोमाग आणखी सहा मैदानं. आणि नेमकं आत्ता हे असं झालं होतं.

माळी मंडळींकडे उत्तर तयार होतं. दादा गेले, गवत झुरतंय, असं ते म्हणत. दादा म्हणजे तिचे वडील, मैदानाचे मोठे माळी. एकतीस वर्षं इथलं गवत त्यांच्या हाताखाली वाढलं. प्रयोगाचं पाणी आणि कापणीही त्यांनीच सांभाळली. थंडीत एका सकाळी बूट चढवता चढवता ते गेले. गवत झुरतंय हे ऐकायला तिलाही बरं वाटे. पण झुरायचं तर अठराही झुरली असती, निम्म्या पाण्यावरची चारच का?

तीन दिवस तिने सगळं चाळून काढलं. पाण्याचे मीटर बरोबर होते. मुळांना कीड नव्हती, बुरशी नव्हती. वडिलांच्या जागी आलेला नवा माळी तिने लिहून दिलेल्या कागदाबरहुकूम चालत होता. इतका, की कागदावर शिंका असं लिहिलं असतं तर शिंकला असता. शेवटी ती वर्कशॉपमध्ये गेली आणि फिटरकाकांना म्हणाली, कापणीची सगळी मशीनं तपासू या.

फिटरकाका वडिलांच्या बरोबरीचे. त्यांनी एकेक मशीन तिरकं करून धरलं, तिने रुळांना पोलादी पट्टी लावली आणि तबकडीवरचा आकडा वाचला. नवी तिन्ही मशीनं तीनवर होती. कोपऱ्यात ताडपत्रीखाली चौथं होतं, वडिलांचं जुनं मशीन. ते गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तिने पट्टी लावली. काटा साडेतीनवर थांबला. तिने पट्टी पुसून पुन्हा लावली, तरी तो तिथंच थांबला.

"हे कुठं वापरायचे?"

"तुमच्या कमी पाण्याच्या चार ग्रीनना," फिटरकाका म्हणाले. "पातं वर घ्यायला तुम्हीच सांगितलं होतंत ना? दादा तर तसंच म्हणाले."

ग्रीसच्या डब्याचं झाकण उघडं होतं, ते तिने बसवलं.

अर्धा मिलिमीटर म्हणजे दोन पोस्टकार्डांची जाडी. पण उन्हात होरपळणाऱ्या गवताला तेवढंही पान पुष्कळ होतं. पान जरा जास्त राहिलं की मूळ खोल जातं, आणि खोल गेलेलं मूळ कमी पाण्यावर तगतं. निम्म्या पाण्यावर गवत जगतं हे तिने सिद्ध केलंच नव्हतं. ते जगवलं होतं वडिलांनी, नियम मोडून, तिच्या पाठीमागे. एक गोष्ट मात्र तिला उमगेना. उंच गवतावर चेंडू हळू जायला हवा होता, आणि तो तर तेवढाच पळाला होता.

ते कोडं आईने सोडवलं, तेही वाटाणे सोलता सोलता. वडील गेला उन्हाळाभर उजाडायच्या आधी घराबाहेर पडत. या वयात कसला रोलर ओढता, असं ती रोज म्हणायची, आणि पोरीच्या गवताला इस्त्री करून येतो, असं ते रोज सांगायचे. गवत रोलरने दाबून गुळगुळीत केलं की चेंडू पुन्हा पळतो. हे आईला ठाऊक नव्हतं. तिला फक्त ते इस्त्रीचं बोलणं आवडलं होतं, आणि आता सांगताना ती हसली.

"आई, त्यांनी माझा प्रयोग बुडवला."

"बुडवला कसा? गवत जगलं ना तुझं?"

"तेच तर."

आईने वाटाण्याची शेंग हातात तशीच धरली. मग म्हणाली, "त्यांनी तुला विचारलं होतं, म्हणत होते. तू नको म्हणालीस."

विचारलं होतं. प्रयोग सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, वर्कशॉपच्या दारात. पाणी कमी करतेस तर पातं जरा उचलू का, म्हणाले होते. ती घाईत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते बाबा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही, असं तिने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं होतं. हे गवताला कोण सांगणार, असं म्हणून ते हसले होते, आणि तो विषय संपला असं तिला वाटलं होतं.

तिला त्यांचा भयंकर राग आला. पुढचे दोन दिवस तो गेला नाही. मेलेल्या माणसावर चिडण्यात काही सोय नसते. तो ना कबूल होतो, ना उलट बोलतो. आणि रागाच्या तळाशी दुसरंच काही होतं, ते तिला जास्त बोचत होतं. त्यांचं म्हणणं बहुतेक बरोबर होतं. तिने ते ऐकून घ्यायला पाच मिनिटं दिली असती, तर प्रयोगात पात्याची उंचीही आली असती, आणि त्यांना उजाडायच्या आधी चोरून रोलर ओढावा लागला नसता.

सोमवारी समितीच्या बैठकीआधी ती सेक्रेटरींकडे गेली आणि सगळं सांगितलं. सेक्रेटरी व्यवहारी माणूस. त्यांच्या मते यात अडचण काहीच नव्हती. अहवालात तीनच्या जागी साडेतीन लिहायचं, रोलरची एक ओळ घालायची, विषय संपला. गवत जगलं, पाणी वाचलं, सापही मेला आणि काठीही मोडली नाही. तिने सांगितलं, तसं लिहिता येणार नाही. त्या चार ग्रीनवर वडील रोज एकटेच असायचे. आणखी काय काय करत होते ते आता कुणालाच कळणार नाही, आणि अंदाजावर सात मैदानं पणाला लावता येत नाहीत. गेलं वर्ष रद्द धरायचं आणि अजून एक उन्हाळा द्यायचा.

सेक्रेटरींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या मागच्या भिंतीवर वडिलांचा फोटो होता, क्लबनेच लावलेला.

"कारण काय लिहिणार?"

"जे झालं ते."

"त्यांच्या नावानिशी? विचार करा. माणूस गेला, आता त्यांच्यावर खोटेपणाचा शिक्का कशाला?"

"सर, त्यांनी मला आधी विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही. तेही लिहिणार आहे."

समितीने कुरकुरत एक उन्हाळा दिला. पाण्याचा निर्णय पुढे ढकलला. वर्कशॉपमध्ये तिने ही बातमी सांगितली तेव्हा नवा माळी हात धूत होता. तो उताराखालच्या वस्तीतच राहायचा. म्हणजे अजून एक वर्ष, एवढंच तो म्हणाला, आणि नळ घट्ट बंद केला.

मंगळवारी सकाळी तिने वर्कशॉपच्या टेबलावर चौदा चिठ्ठ्या केल्या. पिवळी पडलेली चार ग्रीन आता प्रयोगाला निकामी होती. उरलेल्या चौदांतून आठ निवडायची होती. आठांनाही पाणी निम्मं, रोलर सारखा. पहिल्या चार चिठ्ठ्या निघतील त्यांना साडेतीनची कापणी, पुढच्या चारांना तीनची. पुढच्या चारांचं काय होणार ते खोलीतल्या तिघांनाही, तिला, फिटरकाकांना आणि नव्या माळ्याला, ठाऊक होतं. वडील बरोबर होते हे दाखवायचं, तर ती चार ग्रीन ऊन तापेल तशी डोळ्यांदेखत जळू द्यायची होती, आणि त्यांना वाचवायला कुणी काही करायचं नव्हतं.

निवड तिने स्वतः करणं बरं दिसलं नसतं. म्हणून चिठ्ठ्या पत्र्याच्या रिकाम्या डब्यात टाकून तिने डबा फिटरकाकांपुढे सरकवला. ते काढत गेले, ती लिहीत गेली. दोन, सतरा, नऊ, चार. ही जगणारी. मग चौदा, सहा, एक. आता शेवटची राहिली.

फिटरकाकांनी हात घातला, चिठ्ठी काढली, उघडून पाहिली. मग दोन चिकटून आल्या असं पुटपुटून त्यांनी पुन्हा हात घातला आणि दुसरी काढली.

"अकरा," ते म्हणाले.

तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं. फिटरकाकांची डावी मूठ टेबलाच्या कडेला मिटलेली होती. त्या मुठीत काय असेल हे तिला बघायची गरज नव्हती. बावीस वर्षांपूर्वी डोंगराकडची माती खचून बारावं ग्रीन गाडलं गेलं, तेव्हा क्लब ते सोडून द्यायला निघाला होता. वडिलांनी सोडू दिलं नाही. चार महिने गुडघ्यांवर बसून, हातभर रुंदीच्या तुकड्यांनी, त्यांनी ते परत जोडलं. त्या चार महिन्यांत ते घरी फक्त झोपायला यायचे. माळी मंडळी अजूनही बाराव्याला दादांचं ग्रीन म्हणत.

अकरा लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तिला ते लिहावंसं वाटलं, अगदी मनापासून.

"काका, मूठ उघडा."

"राहू द्या ना, ताई. अकरा काय नि बारा काय, शेवटी गवतच. दादा असते तर..."

"बाबा असते तर त्यांनीही तुमच्यासारखंच केलं असतं," ती म्हणाली. "म्हणूनच तर आज पुन्हा बसलोय आपण."

फिटरकाकांनी मूठ उघडली. चिठ्ठी घामाने ओली झाली होती, पण आकडा वाचता येत होता. तिने बारा लिहिलं, खाली तारीख घातली, आणि दोघांच्याही सह्या घेतल्या. फिटरकाकांनी सही करताना तिच्याकडे पाहिलं नाही.

बाराव्याची कापणी करायला दुसऱ्या दिवशी कुणी पुढे येईना. एकाची पाठ धरली होती, दुसऱ्याला बंकरमधली वाळू सारखी करायची होती. नवा माळी मी करतो म्हणाला, कागदावर आहे म्हणजे करायलाच हवं, म्हणाला. तिने त्याला थांबवलं. मशीनचं पातं तिने स्वतः तीनवर आणलं, पट्टी लावून तीन वेळा तपासलं, आणि मशीन ट्रॉलीवरून वर नेलं.

ऊन अजून कोवळं होतं. गवत गडद हिरवं, ओलसर. जोड कुठे होते ते शोधूनही सापडलं नसतं. तिने झेंडा काढून बाजूला ठेवला, मशीन कडेला लावलं आणि क्लच सोडला. पहिला पट्टा दोरी धरल्यासारखा सरळ गेला, पुढच्या पेटीत बारीक हिरवा भुसा उडत राहिला. अर्ध्या वाटेवर तिला रडू कोसळलं. ते तिने आवरलं नाही. आसपास कुणी नव्हतं, आणि डोळे पुसायला हात सोडला असता तर पट्टा वाकडा गेला असता. पलीकडच्या कडेला पोचल्यावर तिने मशीन वळवलं आणि पहिल्याला लागून दुसरा पट्टा धरला.